तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी

फेब्रुवारी सरत आला की मिसरोदच्या आमच्या सोसायटीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. कडुनिंबाची पानं गळायला लागतात, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका ख्यालीखुशाली विचारायच्या ऐवजी "पेपर कब से हैं?" असं विचारायला लागतात. खालच्या बागेतला झोपाळा ओस पडतो. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलं तर समोरच्या इमारतीत मजल्यागणिक एक तरी मूल पुस्तक हातात धरून येरझाऱ्या घालताना दिसतं. मला हा मोसम आवडत नाही. कुणाला थंडी सोसत नाही, कुणाला ऊन, तसं मला हे मधलं महिनाभराचं सोसत नाही. खरं तर हवा किती सुरेख असते. सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी पंखा लागतो, आंब्याचा मोहोर नाकात भरून राहतो. पण मला परीक्षेची धास्ती वाटायची ती वाटतेच. साठी उलटली, आजी झाले, शाळेतली नोकरी करून निवृत्त झाले, तरी वाटते.

यंदा तर परीक्षा घरातच आली. माझी नात सई आठवीत आहे. तिचे आईवडील दोघं मंडीदीपला नोकरीला, त्यामुळे शाळेतून आल्यावर ती माझ्या ताब्यात. परवा दुपारी जेवणाच्या टेबलावर पुस्तक पसरून ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजी, ये वाला देख ना. टेबल दिलंय, त्याच्यावरून इक्वेशन काढायचं आहे."

मी चष्मा लावून वाकले. एक रांग एक्सची, एक रांग वायची. एक्सचे आकडे उड्या मारत चालले होते, मधले काही गाळून. सईनं वायच्या दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला होता आणि आलेलं उत्तर एक्सच्या मागे लावून मोकळी झाली होती. पहिला वाय शेवटी मिळवून टाकला होता. झालं समीकरण.

"हे काय केलंस?" मी म्हटलं.

"फरक काढला."

"कशाचा? आणि एक्सनं किती उडी मारली ते कोण बघणार? ही ओळ पहिली आहे म्हणून ती सुरुवात झाली का?"

आवाज इतका चढला होता की पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, चिल्ला क्यों रही हो?" तिनं विचारलं. बाल्कनीत माझी आई खुर्चीत बसून हिरवे हरभरे सोलत होती. घाटे फुटल्याचा बारीक टकटक आवाज मघापासून येत होता, तो बंद झाला. आई आता पंचाऐंशीच्या पुढे आहे, कानानं कमी ऐकते असं सगळे म्हणतात. तिला हवं ते ती ऐकते. तिचे हात थांबले की मला लगेच कळतं, कारण तिचे हात असे थांबलेले मी एकदा पूर्वी पाहिले आहेत.

ते बरखेड्याला. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये.

बरखेडा आता पाहिला तर अर्धे क्वार्टर रिकामे, कुलपं गंजलेली, भिंतींतून पिंपळ उगवलेले. आम्ही होतो तेव्हा तिथे एक पान इकडचं तिकडे होत नसे. एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी घरं, पुढे मेंदीचं कुंपण, मागे चौकोनी अंगण, अंगणात पपई. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा आणि संध्याकाळी भोंग्याबरोबर परत यायचा. आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती. कुणी पुण्याकडून आलेले, कुणी नागपूरचे. बाबा वाईचे, आई इंदूरची. गणपती व्हायचा, कोजागिरी व्हायची, हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर बसायच्या. कोण कुठे बसणार हे कुणी सांगत नसे, पण नवऱ्याचा हुद्दा जसा तशी बाई भिंतीपासून जवळ किंवा लांब बसायची. कारखाना संध्याकाळी सुटायचा. साहेब मात्र कधीच सुटायचा नाही. भाजी आणायला पिशवी घेऊन निघाला तरी तो साहेबच असायचा.

आमचे साहेब म्हणजे देवधर काका. तयार झालेली विजेची मोटार कारखान्यातून बाहेर पडण्याआधी चालवून बघायची, तिचे आकडे टिपायचे, त्या विभागाचे ते प्रमुख, आणि बाबा त्यांच्या हाताखाली. त्यांची मुलगी नंदा माझ्याच वर्गात होती. एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यात खायचो. परीक्षेचे दिवस आले की काका आपल्या व्हरांड्यात फळा लावायचे आणि हाताखालच्या लोकांच्या मुलांना गणित शिकवायचे. फुकट. ती टाउनशिपमधली एक रीतच होती. साहेबांनी बोलावलं म्हणजे मान. कुणाच्या मुलाला नाही बोलावलं तर त्याच्या घरी दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

मला तर त्यांनी बोलावलं नसतं तरी मी गेले असते. मला गणित आवडायचं. नुसतं आवडायचं नाही, मला पुढे तेच करायचं होतं. काकांनी एकदा आम्हा दोघींना त्यांच्या विभागात नेलं होतं. एवढी मोठी मोटार घुमत होती, पायाखालची फरशी थरथरत होती, आणि एक माणूस घड्याळासारख्या तबकडीकडे बघून आकडे बोलत होता. मला वाटलं, उद्या तिथे मी उभी राहीन. त्या काळी आमच्याकडे आठवीनंतरच शाखा ठरायची. मुलींच्या शाळेत गणिताचा एकच वर्ग, जागा मोजक्या. आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात जिला चांगले गुण तिला गणित, बाकीच्यांना गृहविज्ञान. म्हणजे माझं सगळं त्या एका पेपरावर होतं, आणि हे मला, आईला, बाबांना, सगळ्यांना माहीत होतं.

तक्त्यावरून समीकरण काढायला काकांनी शिकवलं त्या संध्याकाळी मोहोराचा वास असा सुटला होता की डोकं जड झालं होतं. नंदाच्या आईनं कोकमाचं सरबत दिलं होतं. काकांनी फळ्यावर दोन रांगा आखल्या. "एक्स म्हणजे आपण काय करतो," ते म्हणाले, "आणि वाय म्हणजे यंत्र काय उत्तर देतं." एक्स शून्य, तर वाय पाच. एक्स एक, तर वाय आठ. दोन, अकरा. तीन, चौदा. "पहिली ओळ ती सुरुवात. दुसऱ्या ओळीतून पहिली वजा करा, ती वाढ. वाढ गुणिले एक्स, अधिक सुरुवात. तीन एक्स अधिक पाच. संपलं."

मला इतका आनंद झाला होता. अख्खा तक्ता एका ओळीत मावला. शंभराव्या ओळीत काय असेल ते तिथवर न जाता सांगता येत होतं. मी घरी पळत आले आणि पाटीवर तक्ते बनवत सुटले. सगळे शून्यापासून, सगळे एकेक पायरीनं, कारण मला दुसरे ठाऊकच नव्हते.

काकांनाही दुसरे ठाऊक नसावेत, असं मला आता वाटतं. त्यांच्या विभागात आकडे टिपायची पद्धतच तशी होती. यंत्र बंद असताना पहिली नोंद, मग एकेक घर पुढे, मध्ये काही गाळायचं नाही. आयुष्यभर त्यांनी तसलेच तक्ते पाहिले. त्यांच्या तक्त्यांत पहिली ओळ खरोखरच सुरुवात असायची आणि दोन ओळींतला फरक खरोखरच वाढ असायची. भागायची गरज त्यांना कधी पडली नाही, म्हणून भागायला शिकवायचं राहून गेलं. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे होता, पण तो केव्हाच विझला.

राग आहे तो दुसऱ्याच माणसावर.

आई गणित घेऊन बी.एस्सी. झालेली होती. हे आमच्या घरी फारसं बोललं जात नसे, कारण बाबा डिप्लोमावाले. मी लहानपणी एकदोनदा तिच्याकडे गणित घेऊन गेले, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "मला कुठलं आता आठवतंय? फोडणीत गेलं सगळं. काकांना विचार." मी ते खरं मानलं. आईचं कोण खोटं मानतं?

कुरडयांचे दिवस होते. आमच्याकडे परीक्षा आणि वाळवणं नेहमी बरोबरच यायची. मागच्या अंगणात खाटेवर जुनं धोतर अंथरून आई साच्यातून कुरडया घालत होती आणि मी शेजारी ओट्यावर बसून पाटीवर तक्ते सोडवत होते. माझा गुडघा तिच्या पदराला लागत होता. ती कुरडई घालता घालता वाकून बघायची. एकदा तिचे हात थांबले. साच्यातून चीक तसाच लोंबत राहिला.

"काकांनी असंच शिकवलं?"

"हो."

"पहिल्या दोन ओळी घ्यायच्या आणि वजा करायचं?"

"हो. मग पहिली ओळ मिळवायची."

ती जरा वेळ पाटीकडे बघत राहिली. "सगळे तक्ते असेच असतात का गं?" तिनं विचारलं.

"असेच असतात," मी म्हटलं. काय तो माझा तोरा.

"बरं," आई म्हणाली, आणि पुढची कुरडई घालायला लागली.

त्या एका "बरं"पाशी मी किती वेळा परत गेले असेन. कधी वाटतं, ती मला खूण करत होती. आडून विचारून बघत होती की पोरगी स्वतः थांबते का. कधी वाटतं, छे, ती स्वतःचीच समजूत घालत होती. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ओट्यावर तिच्या पदराला चिकटून बसलेली मुलगी मी होते, शेजारणीची नव्हते. एक वाक्य लागलं असतं. कुरडई वाळायच्या आत सांगून झालं असतं.

त्या वर्षी बाबांचं नाव बढतीसाठी वर जायचं होतं. घरात वेगळं काही बोलत नसत, पण मुलांना कळतं. बाबा शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. आई कुठलाही पदार्थ केला की पहिला डबा देवधरांकडे पाठवायची. पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या क्वार्टरबद्दल दोघं बोलायचे, त्याच्या मागे आवळ्याचं झाड होतं. सगळं काकांच्या एका शब्दावर होतं. आणि काकांचा स्वभाव असा की चूक दाखवलेली त्यांना चालत नसे. एका बाईनं हळदीकुंकवात हसत हसत म्हटलं होतं की काकांचं घड्याळ मागे पडतं, तर तिचा नवरा महिनाभर रात्रपाळीला होता. खरं खोटं देव जाणे, पण बरखेड्यातल्या सगळ्या बायकांना ते पाठ होतं.

पेपराच्या दिवशी शाळेबाहेरचा सेमल, म्हणजे आपली काटेसावर, नुसता लाल झाला होता. जाड फुलं धपकन पडायची आणि आम्ही चपलांनी ती चिरडत आत गेलो. पेपर हातात आला, आणि तक्त्याचा प्रश्न पाहून मला हसू फुटलं. त्या प्रश्नाला गुण भरपूर होते, शिवाय पुढचे उपप्रश्न त्याच समीकरणावर बेतलेले. एक्सची रांग होती दोन, चार, सात, दहा. वायची होती अकरा, सतरा, सव्वीस, पस्तीस. मी अकरा सतरातून वजा केले. सहा. लिहिलं, सहा एक्स अधिक अकरा. मग सवयीनं पुढची ओळ बघितली तर फरक नऊ. त्याच्या पुढे पुन्हा नऊ. मी परत परत वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर होती. मग माझ्या लक्षात आलं की चूक माझी नाही, पेपराची आहे. काका चुकणं शक्यच नव्हतं, आणि मी काकांच्याच पद्धतीनं केलं होतं. मी उत्तराखाली स्वच्छ अक्षरात हिंदीत लिहिलं, "सारणी में त्रुटि है." आणि पुढचे उपप्रश्न सोडून दिले. चुकीच्या तक्त्यावर पुढे काय करणार?

बाहेर आल्यावर सेमलखाली नंदा उभी होती. "तीन एक्स अधिक पाच आलं ना तुझं?" तिनं विचारलं.

तीन एक्स अधिक पाच. काकांच्या फळ्यावरचं, माझ्या आवडीचं, पहिलं समीकरण. तेच होतं ते, फक्त त्यातल्या काही ओळी झाकून ठेवल्या होत्या, आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

"कसं काढलंस?" मी म्हटलं.

"वायचा फरक भागिले एक्सचा फरक. सहा भागिले दोन, तीन. मग मागे मागे जायचं, एक्स शून्य होईपर्यंत." मग ती अडखळली. "तुझ्या आईनं सांगितलं ना. त्या दिवशी दुपारी मी कुरडयांचा डबा परत द्यायला आले होते, तू दळण आणायला गेली होतीस. पुस्तकात मला असला तक्ता दिसला होता, तो मी त्यांना दाखवला. त्यांनी इतकं छान समजावलं. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या, पण आता तर पेपर झाला."

मी प्रश्नपत्रिका पुन्हा उघडून तो तक्ता बघायला लागले.

"तुला माहीत नव्हतं?" नंदा म्हणाली. "मला वाटलं, तुला आधीच सांगितलं असेल. तुझीच तर आई."

नंदाची त्यात काही चूक नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. ती बिचारी रडवेली झाली. घरापर्यंतचा रस्ता मी तिच्याबरोबर चालले, पण काय बोललो ते मला आठवत नाही. चपलेला चिकटलेली सेमलची फुलं आठवतात.

त्याच संध्याकाळी काका आमच्याकडे चहाला आले. साहेब घरी येणं म्हणजे केवढी गोष्ट. बाबांनी बाहेरच्या खोलीतली वर्तमानपत्रं उचलली, आईनं ठेवणीतल्या कपबशा काढल्या. "काय, कसा गेला पेपर?" काकांनी मला विचारलं आणि हात पुढे केला. मी प्रश्नपत्रिका दिली. तक्त्यावर बोट ठेवून मी म्हटलं, "यात आधी सहाचा फरक आहे, मग नऊचा." काकांनी बघितलं. "छपाईची चूक," ते लगेच म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मग काकांनी कप खाली ठेवला, कागद जरा लांब धरून पुन्हा बघितला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. कागदाची घडी करून त्यांनी मला परत दिला. "चूकच आहे," ते म्हणाले. "छपाईची."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की तीन एक्स अधिक पाच, तुमच्याच नंदाला आलंय. तेवढ्यात आईनं माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले नाहीत, काही नाही. नुसतं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ टाउनशिपमधल्या प्रत्येक मुलीला कळायचा. मी तोंड मिटलं.

"अजून साखर घालू का?" आईनं काकांना विचारलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. गणिताच्या बहनजींनी माझं ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. "किसको सारणी में त्रुटि मिली है?" वर्ग खो खो हसला. मला गणिताची जागा मिळाली नाही. मोठ्या बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "गृहविज्ञान ले लो बेटा, लड़कियों के काम आता है." बाबांचं नाव वर गेलं. आवळ्याच्या झाडाचा क्वार्टर मिळाला. मला त्यात स्वतःची खोली मिळाली, आणि मी त्या खोलीचा इतका तिरस्कार केला की उन्हाळ्यातसुद्धा पंखा सोडून बाहेर ओसरीवर झोपायचे. आई आवळे वाळवून सगळ्यांना वाटायची. मी तिच्या हातचा आवळा कधी खाल्ला नाही. का खात नाहीस, असं तिनंही कधी विचारलं नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते की ती म्हणेल काहीतरी. चुकलं म्हणेल, नाहीतर निदान खोटं तरी बोलेल, मला आठवलंच नाही म्हणेल. निकालाच्या दिवशी तिनं शिरा केला आणि म्हणाली, "नशिबात असेल ते होतं." तेव्हापासून मी तिला काही विचारायचं सोडून दिलं. लग्नाचं तिनं ठरवलं, मी हो म्हटलं. साड्या तिनं निवडल्या. माझ्या मनातलं तिला सांगावं असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

नंदा पुढे इंजिनिअर झाली. कॉलेजला निघाली तेव्हा तिला पोचवायला मी हबीबगंजला गेले होते. आता स्टेशनचं नाव बदललंय, तिथे सरकते जिने आलेत, पण माझ्या तोंडी हबीबगंजच बसलंय. गाडी यायच्या आधी काका ओळखीच्या कुणालातरी आम्हा दोघींकडे बोट दाखवून सांगत होते, "दोघींना गणित मीच शिकवलं." आई तिथेच उभी होती, नंदासाठी केलेल्या लाडवांचा डबा हातात घेऊन. तिनंही मान डोलावली.

मी आयुष्यभर गृहविज्ञान शिकवलं. वाईट शिकवलं नाही. साखरेच्या पाकाला किती तार, किती पिठाला किती मोहन, बाळाला महिन्यागणिक किती दूध. शिकवताना कधीकधी फळ्यावर दोन रांगा आपोआप आखल्या जायच्या. मुलींना वाटायचं, बहनजी किती पद्धतशीर आहेत.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. तिचं सगळं मी करते, अगदी मनापासून करते, गोळ्या, आंघोळ, गुडघ्याला तेल. तिच्याशी बोलते, हसते. फक्त तो एक तक्ता आमच्या दोघींच्या मध्ये झाकून ठेवलेला असतो.

परवा सई पेन्सिलीला टोक करायला आत गेली आणि आई बाल्कनीतून म्हणाली, "तिला सांग, आधी एक्सनं किती उडी मारली ते बघायचं. त्यानं भागायचं."

"सांगते," मी म्हटलं. मग काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारून बसले. "मला का नाही सांगितलंस?"

कशाबद्दल बोलतेस, असं आईनं विचारलं नाही. तेच मला फार लागलं. म्हणजे ते तिच्याही इतकं हाताशी होतं.

"तुझं तोंड सुटं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी काकांच्या व्हरांड्यात उभी राहून म्हणाली असतीस, माझी आई म्हणते तुमचं चुकतंय. तुझ्या बाबांचं ते वर्ष होतं."

"आणि नंदा?"

"ती विचारत आली. साहेबांच्या मुलीला चुकीचं सांगून परत कसं पाठवायचं?"

"मला पाठवलंस की."

खाली कुणाचीतरी स्कूटी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"आई, त्या संध्याकाळी काका चहाला आले होते. छपाईची चूक म्हणाले. मला तेव्हा सगळं कळलेलं होतं, नंदानं सांगितलं होतं. तू नुसतं पाहिलंस माझ्याकडे आणि मी गप्प बसले. एका नजरेत बसले. मग आधी सांगितलं असतंस आणि गप्प बस म्हणाली असतीस, तर नसते बसले?"

तिच्या बोटांत एक घाटा होता, अर्धा सोललेला. तो तिनं तसाच धरून ठेवला.

"बसली असतीस," ती म्हणाली. "ते मला त्याच संध्याकाळी कळलं."

मला वाटलं होतं, हे ऐकून माझं ओझं उतरेल. नाही उतरलं. उलट राग आला, नवाकोरा, तेरा वर्षांच्या मुलीला यावा तसा. त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तरी तिनं शिरा केला होता आणि नशीब म्हटलं होतं.

सई पेन्सिल घेऊन आली. आईनं तिला जवळ बोलावलं, तिचं पुस्तक हरभऱ्याच्या ताटाशेजारी ठेवून घेतलं आणि सुरकुतलेलं बोट एक्सच्या रांगेवरून चालवायला लागली. ही उडी केवढी, ती उडी केवढी. आता वायची उडी. भाग. आता मागे चल, हळूहळू, शून्यापर्यंत. तिथे काय उरलं? तेच शेवटी मिळवायचं. पहिली ओळ दिसते म्हणून ती सुरुवात नसते बाळा. किती छान शिकवत होती.

"पणजीला तर सब कुछ आता है," सई म्हणाली. "आजी, तू पण हिच्याकडूनच शिकलीस ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तेव्हा ती विसरली होती सगळं." का असं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. बरखेड्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं.

आईनं मान वर केली.

"विसरले नव्हते," ती म्हणाली. "येत होतं मला. हिला सांगितलं नाही."

"क्यों?" सईनं विचारलं.

आईनं हातातला घाटा सोलला, दाणा ताटात टाकला. "साहेबांना वाईट वाटलं असतं म्हणून," ती म्हणाली.

सई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि तिला हसू आलं. "बस? इतनी सी बात?"

"हो," मी म्हटलं. "एवढीच."